‘ताकद गेली’ म्हणजे नेमके काय गेले? : प्रोस्टेट कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे लैंगिक आयुष्य

मुंबईहून प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून माणूस खान्देशातल्या आपल्या गावी परतला की भेटायला येणारे लोक तीन गोष्टी विचारतात. खर्च किती आला, गाठ पूर्ण निघाली का आणि लघवीची नळी कधी काढणार. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि ज्याच्या मनात तो असतो तोही विचारत नाही. कर्करोगाच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचे काम करताना मी पाहिले आहे की हा प्रश्न बहुधा सगळे बोलून झाल्यावर, फाइल पिशवीत गेल्यावर आणि माणूस दारापर्यंत पोहोचल्यावर येतो. अमळनेर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना गाव जिभाऊ म्हणून ओळखते, असेच चपला घालता घालता थांबले, पत्नी पुढे गेल्याची त्यांनी खात्री केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ताकद तर आता गेलीच समजायची ना?”

हा ‘ताकद’ शब्द आपल्याकडे फार काम करतो आणि फार नुकसानही करतो. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतींवर आणि रेल्वे रुळांच्या कडेला तंबूवाल्या वैद्यांच्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांतही हाच शब्द असतो. त्या एका शब्दात आपण पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो: मनातली इच्छा, लिंगाला येणारी ताठरता, परमोच्च क्षणाचे सुख, वीर्य बाहेर येणे आणि मूल होण्याची क्षमता. शस्त्रक्रियेचा परिणाम या पाचांवर सारखा होत नाही. काही कायमचे जाते, काही काही काळापुरते जाते आणि काही मुळीच जात नाही. हे सुटे करून सांगितले नाही, तर माणूस जे गेलेले नाही त्याचाही शोक करत बसतो.

त्याआधी आणखी एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ या एकाच नावाने आपल्या भागात तीन निरनिराळ्या शस्त्रक्रिया ओळखल्या जातात, आणि पारावर एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला जातो. वाढत्या वयात ग्रंथी साध्या कारणाने फुगते, लघवी अडते आणि मग मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला भाग खरवडून काढतात. ते कर्करोगाचे ऑपरेशन नव्हे. त्यात ताठरतेला बहुधा धक्का लागत नाही, मात्र वीर्य पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जाते. दुसरी शस्त्रक्रिया कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना किंवा फार पुढे गेलेला नसताना करतात, आणि तीत संपूर्ण प्रोस्टेट ग्रंथी व तिला लागून असलेल्या वीर्यपिशव्या काढून मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला पुन्हा जोडतात. हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. तिसरी म्हणजे कर्करोग हाडांपर्यंत पसरल्यावर अंडकोशातील गोळ्या काढणे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले की पुरुषी संप्रेरक तोडले की हा कर्करोग मागे हटतो, आणि त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक अंडकोशातील गोळ्या काढून तोडा किंवा इंजेक्शनने तोडा, त्याच्याबरोबर इच्छाच मंदावते, अंगातून गरम वाफा येतात आणि थकवा येतो. आपल्याकडे अनेक रुग्ण पाठदुखी सुरू झाल्यावरच, म्हणजे उशिरा पोहोचतात, त्यामुळे या तिसऱ्या उपचाराच्या कहाण्या गावात अधिक ऐकू येतात, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेला निघालेला माणूस त्या ऐकून आधीच खचतो.

आता शरीररचना थोडक्यात पाहू. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते, तिच्या मधून मूत्रमार्ग जातो आणि वीर्यातला काही पातळ भाग ती तयार करते. ताठरता आणणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तिच्या आत नसून तिच्या दोन्ही कडांना, मागच्या बाजूने, केसांएवढ्या बारीक धाग्यांच्या जुडग्यासारख्या चिकटून खाली उतरतात. या नसा नेमक्या कुठून जातात हे बराच काळ शल्यविशारदांनाही ठाऊक नव्हते, म्हणून ग्रंथीबरोबर त्याही कापल्या जात. १९८१ साली नेदरलँड्समधील लायडन येथे पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकांनी आणि अमेरिकेतील पॅट्रिक वॉल्श यांनी मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीराचे विच्छेदन करताना त्यांचा मार्ग शोधला, आणि १९८२ साली वॉल्श यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या नसा जाणीवपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. आज जिला ‘नसा वाचवणारी शस्त्रक्रिया’ म्हणतात ती हीच. मात्र कर्करोग ग्रंथीच्या कडेपर्यंत किंवा कडेबाहेर आलेला असेल तर त्या बाजूच्या नसा सोडणे म्हणजे कर्करोग सोडणे ठरू शकते, आणि अशा वेळी डॉक्टर एका बाजूच्या किंवा दोन्ही बाजूंच्या नसा काढतात. त्यात निष्काळजीपणा नसतो.

या माहितीवर जिभाऊंच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. इच्छा अंडकोशात तयार होणाऱ्या संप्रेरकावर आणि मनावर अवलंबून असते, आणि या शस्त्रक्रियेत अंडकोशाला हात लागत नाही. परमोच्च क्षणाची संवेदना वेगळ्या नसांतून येते, म्हणून पुरेशी ताठरता नसतानाही ते सुख मिळू शकते. काहींना ते पूर्वीपेक्षा मंद वाटते, काहींना सुरुवातीला थोडे दुखते. वीर्य मात्र येणार नाही, कारण त्यातला बहुतेक द्रव तयार करणाऱ्या पिशव्या आणि ग्रंथी दोन्ही गेलेल्या असतात. हा बदल कायमचा आहे, आणि तो आधी सांगितला नसेल तर माणूस घाबरतो. ‘धातू’ अंगातच कुजतो, डोक्यात चढतो, अशा समजुती आपल्याकडे आहेत. त्यांत तथ्य नाही. शुक्रजंतू अंडकोशात तयार होतात आणि तिथेच शरीर ते शोषून घेते, नसबंदीनंतर होते तसेच. अपत्य हवे असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी वीर्य गोठवून ठेवता येते. उरली ताठरता, आणि खरा प्रश्न तिचाच आहे.

तिच्याविषयी खोटा दिलासा देऊ नये असे माझे मत आहे. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला, ज्यात ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा फक्त नियमित देखरेख अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले होते. उपचारापूर्वी सुमारे ६७ टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता येत होती. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले आणि सहा वर्षांनी १७ टक्के होते, तर देखरेखीच्या गटात सहा वर्षांनी ते ३० टक्के होते. दुसरीकडे, १५ वर्षांनंतर या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत मिळून सुमारे ३ टक्केच होते. हे आकडे तपासणीत लवकर सापडलेल्या कर्करोगाचे आहेत, उशिरा आलेल्या रुग्णाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही त्यातून कळते की सौम्य, मर्यादित कर्करोगात ‘लगेच ऑपरेशन हवेच का’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणा नाही. वय कमी, आधीची ताठरता चांगली आणि दोन्ही बाजूंच्या नसा वाचलेल्या असतील तर माणूस या सरासरीपेक्षा बराच पुढे जातो. मधुमेह, रक्तदाब आणि बिडी-तंबाखू असेल तर तो मागे राहतो.

नसा वाचल्या तरी सुरुवातीचे महिने रिकामे जातात, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. शस्त्रक्रियेत बाजूला ओढल्या गेलेल्या, शेक लागलेल्या नसा बधिर होतात, आणि त्यांना जागे व्हायला महिने नव्हे तर दीड ते दोन वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. या काळात आणखी एक गोष्ट घडते. निरोगी पुरुषाला झोपेत, त्याच्या नकळत, रात्रीतून अनेकदा ताठरता येते आणि तिच्यामुळे लिंगातील स्पंजासारख्या पेशींना ताजे रक्त मिळत राहते. नसा बधिर असताना हा रात्रीचा पाणीपुरवठा बंद पडतो. आपल्याकडे ठिबक वापरणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे की नळ्या हंगामभर कोरड्या पडून राहिल्या तर छिद्रांत क्षार बसतात, आणि मग मोटार चांगली असूनही पाणी झाडापर्यंत जात नाही. पेशींचेही असेच काहीसे होते. त्या घट्ट, तंतुमय होतात, लांबी किंचित कमी होऊ शकते, आणि पुढे नसा जाग्या झाल्या तरी रक्त टिकत नाही. म्हणून नसांची वाट पाहत असताना पेशींमध्ये रक्त खेळते ठेवायचे, या प्रयत्नाला लैंगिक पुनर्वसन म्हणतात.

कल्पना पटणारी आहे, पण पुरावा तिच्याएवढा भक्कम नाही, हेही सांगितले पाहिजे. २००८ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत असे दिसले की ताठरतेसाठीची गोळी घेत असेपर्यंत फायदा होतो, पण रोज गोळी घेतल्याने नंतर औषधाशिवायची ताठरता अधिक चांगली परत येते असे सिद्ध झाले नाही. तरीही बहुतेक तज्ज्ञ लवकर सुरुवात करायला सांगतात, आणि मला त्यामागचे व्यवहारी कारण अधिक पटते: दोन वर्षे काहीच न करणारे जोडपे दोन वर्षांनी एकमेकांना अनोळखी झालेले असते.

पहिला उपाय गोळ्यांचा. सिल्डेनाफिलला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, आणि तिच्यापाठोपाठ टाडालाफिल आली. या गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत आणि घेतल्याबरोबर आपोआप काही घडतही नाही. मन उत्तेजित झाले की नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरते. गोळी एवढेच करते की हा निरोप लवकर पुसला जाऊ देत नाही. विहिरीवरच्या मोटारीची उपमा द्यायची तर नस म्हणजे डीपीपासून आलेली तार आणि गोळी म्हणजे कमी दाबाच्या विजेवर बसवलेला स्टॅबिलायझर. तारच तुटलेली असेल तर स्टॅबिलायझर काय करणार? म्हणून पहिल्या सहा महिन्यांत गोळी लागू पडली नाही याचा अर्थ ती पुढेही पडणार नाही असा होत नाही, पण दोन्ही नसा काढलेल्या माणसाने गोळ्यांवर पैसे घालवत बसण्यात अर्थ नसतो. सिल्डेनाफिल उपाशीपोटी, तासभर आधी घ्यावी. तेलाची तर्री आलेली शेवभाजी किंवा भरीत-पुरीच्या जेवणावर घेतली तर तिचा असर उशिरा आणि कमी होतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो.

इथे एक धोका ठळकपणे सांगतो. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी किंवा नायट्रेट वर्गातील कोणतेही औषध चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, कारण दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. आणि छातीत दुखू लागून दवाखान्यात जावे लागले तर आपण ही गोळी घेतली आहे हे लाज सोडून डॉक्टरांना सांगायचे. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच सिल्डेनाफिल न सांगता मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. तंबूतल्या वैद्याचे औषध ‘लगेच लागू पडते’ त्याचे गुपित अनेकदा एवढेच असते, आणि खिशात सॉर्बिट्रेट बाळगणाऱ्या माणसाला ते गुपित महागात पडते.

गोळी चालत नसेल तर निर्वात पंप असतो. प्लॅस्टिकची नळी लिंगावर बसवून आतली हवा ओढली की रक्त भरते, मग बुडाशी रबरी कडे चढवायचे आणि नळी काढायची. कडे ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. लिंग थोडे थंड आणि निळसर लागते, आणि जोडीदाराला हे आधी सांगितलेले नसेल तर तिला दचकायला होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर पंप डॉक्टरांना विचारूनच वापरावा. वयस्कर जोडपी याला प्रथम हसतात, पण सराव झाला की त्यांतली काही यावरच समाधानी राहतात, कारण यात रोजचा औषधाचा खर्च नाही आणि नसांची गरजही नाही.

इंजेक्शनचे नाव काढले की माणसे खुर्चीतच मागे सरकतात. इन्सुलिनच्या सुईसारख्या बारीक सुईने लिंगाच्या बाजूच्या भागात अल्प्रोस्टाडिल किंवा पापाव्हेरिनसारखे औषध टोचले की नसांचा निरोप नसतानाही रक्तवाहिन्या उघडतात. वरची उपमा पुढे न्यायची तर हे ऑइल इंजिन आहे, त्याला तारेची गरजच नाही. १९८३ साली लास व्हेगासमध्ये मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश वैज्ञानिकाने स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन, विजार खाली करून, भर सभागृहात हा परिणाम दाखवला होता. वैद्यकशास्त्रात इतके सरळ प्रात्यक्षिक क्वचितच झाले असेल. पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा, मात्रा तिथेच ठरवावी. ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर ती आणीबाणी असते, कारण अडकलेल्या रक्तामुळे पेशी मरू लागतात. शिरपूर किंवा नवापूरच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या माणसाने हे औषध सुरू करण्यापूर्वीच विचारून ठेवावे की अशी वेळ रात्री दोनला आली तर जायचे कुठे.

या सगळ्यांचा उपयोग झाला नाही, दोन वर्षे उलटली आणि इच्छा कायम असेल, तर लिंगात कायमचे रोपण बसवता येते. फुगवता येणारे रोपण १९७३ पासून वापरात आहे आणि महाग आहे. वाकवता येणारे, अर्धताठ रोपण बरेच स्वस्त पडते, आणि मुंबईच्या डॉ. रुपिन शहा यांनी विकसित केलेले असे रोपण आपल्या देशात वापरले जाते. ते बसवल्यावर माघार नाही, म्हणून ते शेवटी येते.

लघवीचा विषय वेगळा वाटला तरी तो याच खोलीतला आहे. नळी साधारण एक ते दोन आठवड्यांनी निघते आणि त्यानंतर खोकताना, उठताना लघवी गळते. वर सांगितलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी पॅड लागत होते, सहा वर्षांनी १७ टक्क्यांना. ही गळती कमी करण्यासाठी वायू रोखताना जो स्नायू आवळतो तोच आवळून पाच ते दहा सेकंद धरायचा आणि तेवढाच वेळ सैल सोडायचा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि पोट घट्ट करायचे नाही. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी हा व्यायाम शिकून घेतला तर सर्वांत उत्तम, मात्र नळी आत असताना तो करायचा नाही. परमोच्च क्षणी थोडी लघवी येणे हाही अनेकांचा अनुभव असतो. त्याने जोडीदाराला अपाय होत नाही, आधी लघवीला जाऊन आले किंवा निरोध वापरला तर अडचण बरीच कमी होते.

आणि याच ठिकाणी जिभाऊंची खाट येते. नळी लागलेली होती तेव्हा वास येईल म्हणून त्यांनी आपली खाट खोलीतून ओसरीवर नेली. नळी निघाली, पॅड सुटले, पावसाळा संपून थंडी आली, पण खाट आत गेली नाही. त्यांना वाटत होते, पत्नीला आपली किळस येते. विचारल्यावर म्हणाले, “ती म्हणालीही नाही कधी, आत या.” पुनर्वसनाच्या कोणत्याही गोळीआधी ही खाट आत न्यावी लागते, आणि ते काम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिले जात नाही. स्पर्श, शेजारी झोपणे, तेल लावून देणे यांना ‘पुढे काही व्हायलाच हवे’ ही अट नसली तर दोघांचीही भीती उतरते. साठीच्या आसपासच्या बाईला पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा आणि दुखणे असते, त्यावर जेली आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची औषधे आहेत. नवऱ्याची सगळी तयारी करून द्यायची आणि तिला विचारायचेच नाही, असे पुनर्वसन मी फसताना पाहिले आहे. जखम भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने सुरुवात करता येते. दोन जिने न धापता चढता येत असतील तर हृदयालाही हा श्रम बहुधा झेपतो.

शस्त्रक्रियेला निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न फार नाहीत. माझ्या दोन्ही बाजूंच्या नसा वाचतील का, तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि पुढे या त्रासासाठी मी कोणाला भेटू. रोबोट आहे का, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी येतो, पण ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये खुल्या आणि रोबोटच्या शस्त्रक्रियेची थेट तुलना झाली तेव्हा दोन वर्षांनंतर लघवी आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारख्याच आढळल्या. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणारे रुग्ण तपासणीच्या दिवशी पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचा, रिपोर्ट दाखवतात, आकडा शून्याच्या जवळ आहे हे ऐकतात आणि परतीच्या गाडीच्या घाईत उठतात. प्रश्न आधीच कागदावर लिहून तो कागद फाइलच्या सर्वांत वर ठेवला तर डॉक्टर तो वाचतात, तोंडाने बोलावेही लागत नाही.

जिभाऊंच्या पत्नी नंतर एकदा एकट्या आल्या. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत विचारले, “भाऊ, यांच्याजवळ झोपलं तर मला ती गाठ नाही ना होणार? आणि यांचे आतले टाके?” कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शरीरसंबंधाने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, आणि टाके केव्हाच भरून आले आहेत, असे मी सांगितले. हे मला विचारायला त्यांना सात महिने लागले होते. जिभाऊंना त्यांनी अजून विचारलेले नव्हते.